पट्टी

पडद्याच्या तळाशी सरकते ती पट्टी मी लिहिते.
रात्री अकरा ते सकाळी सात,
मिनियापोलिस, चौथा मजला, बिनखिडकीची खोली.
एका ओळीत बासष्ट अक्षरं.
त्यात मावेल तेवढंच जगात घडतं.

मंगळवारी एक चिलखती गाडी कालव्यात उलटली.
आत दोघं होते.
पहिल्या तासाला मी लिहिलं : दबा धरून हल्ला.
दुसऱ्या तासाला : हल्ल्याचा संशय.
पहाटे चारला लष्कराचा कागद आला,
पुलाचा कठडा जुना होता,
चालक एकवीस तास जागा होता.
ते मी तीन सेकंद सरकवलं,
गारपिटीच्या इशाऱ्यानंतर,
स्वस्त टायरांच्या आधी.

एक, केटन ब्रँडव्होल्ड. नॉर्थ डकोटा.
पिवळे केस, हॉकीच्या संघातलं हसू,
आणि दारापर्यंत डांबरी रस्ता.
दुपारच्या आत आमच्या तीन गाड्या तिथे होत्या.
त्याची आई मार्लिस टपालपेटीपर्यंत गेली,
विजेचं बिल घेऊन परत आली.
कॅमेऱ्यामागून कुणीतरी अगदी अदबीनं म्हणालं,
बाई, ऊन समोरून होतं,
पुन्हा एकदा जाल का?
ती गेली.
बिल पेटीत ठेवलं
आणि काढलं.

मी ते अकरा वेळा पाहिलंय.
दुसऱ्या खेपेला तिची सपाता निसटते.
ती वाकते, घालते,
आणि वाकल्यावाकल्याच तिला कळतं
आपण हे काय करतो आहोत.
ऑर्विन नेमका तिथे काप घेतो.
खाली व्हायोलिन चढवतो.
त्या सुरावटीला आमच्या कपाटात नाव नाही,
क्रमांक आहे : शोक, सात.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच असेल.
आमच्याकडे ते गार, चौकोनी, कागदात गुंडाळून येतं.
बोटांना लागतसुद्धा नाही.

रात्री नऊला चार चौकटींत चार माणसं भांडली.
चौघांना केटनचं नाव पाठ होतं.
पुलाचं एकालाही नव्हतं.

दुसऱ्याचं गाव विमानभाड्यात बसेना.
पॅसिफिकमधलं टुटुइला बेट,
फायलीतला फोटो, ओठ मिटलेले.
दिवसभर तो ‘आणि अन्य एक’ होता.
रात्री जागा उरली म्हणून मी नाव घातलं :
फाआफेताई सेउमालो.

दोन वाजता फोन वाजला.
त्याची मावशी, मासिना. मागे कोंबडं आरवत होतं.
रागावली नव्हती.
म्हणाली, नाव चुकलंय.
‘फा’च्या पुढे एक थांबा आहे.
घशात श्वास अडतो, तेवढाच.
तो गाळलात तर दुसऱ्याच कुणाचं तरी होतं ते.

मी म्हटलं, आमच्या यंत्रात ते चिन्ह उमटत नाही.

चिन्ह राहू द्या, ती म्हणाली.
तुम्ही थांबा.

मग तिनं माझ्याकडून म्हणवून घेतलं.
फा.
घसा बंद.
आफेताई.
तीनदा चुकले. चौथ्यांदा ती काहीच बोलली नाही,
त्यावरून कळलं, जमलं.
अर्थ विचारला.
आभार, ती म्हणाली.
तो झाला त्या रात्री त्याच्या आईचा ताप उतरला,
म्हणून ठेवलं.
तुमची माणसं सारखी म्हणतात ना टीव्हीवर,
सैनिकांचे आभार, सैनिकांचे आभार.
इथे प्रत्येक वेळी त्याचा बाप मान वर करतो.

सव्वातीनला मी पट्टीत ‘फा’ लिहिलं
आणि पुढची एकोणीस अक्षरं मोकळी सोडली.
मग उरलेलं नाव.
निळ्या पट्टीवरून ती रिकामी जागा
उजवीकडून डावीकडे सरकत गेली,
गारपिटीच्या मागोमाग.

नियंत्रण कक्षातून विचारणा आली,
सिग्नल तुटला का?
मी म्हटलं, नाही.

बरं, ते म्हणाले.
आणि टायर आले.